दोन चैनींची गाडी

१० फेब्रुवारी १९७४, मालेगाव, जिल्हा अकोला

आज जे झालं ते लोकांना सांगावं तर हसतील आणि न सांगावं तर माझं पोट फुटेल. म्हणून पोरीच्या शाळेची एक कोरी वही ढापली आहे.

मी, जानराव, रस्ते खात्यात रोड-रोलर चालवतो. माझ्या गाडीला म्हशी मागे टाकतात. गेल्या वर्षी रिसोड रस्त्यावर एक अख्खी वरात वाजंत्र्यासकट मला ओलांडून गेली आणि नवरदेवानं घोड्यावरून मागे वळून मला हात केला. तो हात मी विसरलेलो नाही.

तर आजपासून माझ्याकडे शर्यतीची गाडी आहे. जपानी. होंडा एस सहाशे. मुंबईच्या कुणा श्रीमंताच्या पोरानं नागपूरला जाताना ती आमच्या हद्दीत बाभळीवर घातली होती. तेव्हापासून पोलीस ठाण्याच्या आवारात कडुनिंबाखाली पडून होती, शेळ्या आत बसून रवंथ करायच्या. मी त्या पोराच्या मागे लागलो, तर म्हणाला, घेऊन जा, फक्त माझ्या वडिलांना कळू देऊ नका. आज बंडीवर घालून आणली आणि गोविंदसिंगच्या सायकल दुकानामागच्या शेडात ठेवली. बैलसुद्धा मागे वळून वळून पाहत होते.

माझी बायको भागिरथा पाहायला आली. गाडीभोवती एक चक्कर मारली.

"किती मानसं बसतात इच्यात?"

"दोन."

"दोनच?"

"दोनच! शर्यतीची हाय हे, यष्टी नाही."

मग मी तिथंच सगळ्यांदेखत सांगून टाकलं, की येत्या दसऱ्याला याच गाडीनं नागपूरला दीक्षाभूमीवर जाणार. भागिरथा पदर तोंडाला लावून उभी राहिली. हसत असणार. माझ्या कुठल्याही मोठ्या बेताला हिचं हसू तयार असतं.

३ मार्च

या गाडीला चार कार्बुरेटर आहेत. एवढ्याशा इंजिनाला चार! चार जावा एका चुलीवर ठेवाव्यात तसला प्रकार. एकीला समजावलं की दुसरी रुसते. इंजिन जाम होतं, ते रॉकेल ओतून ओतून सुटलं. सुटलं, एवढंच. चालू व्हायचं नाव नाही.

घरी आलो तर भागिरथाचं दर वर्षीचं पुराण सुरू. छप्पन साली तिच्या माहेराहून, धनजहून, बंड्या नागपूरला निघाल्या तेव्हा ही दहा वर्षांची होती. बंडीत जागा नाही म्हणून हिला शेळ्यांपाशी मागे ठेवलं. सगळं गाव दीक्षा घेऊन आलं आणि ही शेळ्या घेऊन आली. त्यानंतर कधी बाळंतपण, कधी माझ्या आईचं दुखणं, नागपूर राहिलं ते राहिलंच. हे ती दसऱ्याच्या तोंडावर सांगते, यंदा मार्चातच सुरू केलं.

मी हूं हूं करत होतो. डोक्यात तिसऱ्या कार्बुरेटरची सुई होती.

२९ मार्च

आज माझी जी शोभा झाली ती शत्रूचीही होऊ नये.

मागची चाकं फिरत नव्हती. मोटारीचं मागचं चाक म्हणजे आत दांडा आणि दातेरी डबा, हे मला शेंबडं पोरही सांगेल. चाकामागचं लोखंडी कवच उघडलं, तर आत साखळी. दुसऱ्या बाजूचं उघडलं, तिथंही साखळी. सायकलला असते तशी!

गोविंदसिंग शेजारी पंक्चर काढत बसला होता. तो उठला, वाकून पाहिलं आणि सरळ रस्त्यावर जाऊन ओरडला, "अबे या रे या! जानरावच्या मोटारीले चैन हाये! सायकल हाये हे, सायकल!"

मालेगावात सायकलच्या साखळीला चैनच म्हणतात. तासाभरात शेडात जत्रा. कोणी विचारतं पायडल कुठं आहे, कोणी म्हणतं घंटी बसवा. सायकल उभी करायचा स्टँड कुठून आणणार, असं गुरुजींनी विचारलं. गुरुजींनी!

घरी भागिरथा म्हणाली, "गाडीले दोन दोन चैनी हायेत म्हनतात. मंग मालकाले एक बी काहून नाही?"

मी जेवलो नाही. पिठलं होतं, तरी जेवलो नाही.

१४ एप्रिल

जयंतीच्या मिरवणुकीत गाडी पुढे चालेल असं मी फेब्रुवारीतच सांगून बसलो होतो. पुढे बंडी चालली. बंडीला भागिरथानं आणि बायकांनी झेंडूची तोरणं बांधली होती, छान दिसत होती, हे कबूल करायला मला अजिबात आवडत नाही. मी सगळ्यात मागे चाललो. म्हणजे रोजच्यासारखाच.

९ मे

जुन्या साखळ्या गंजून कडबा झाल्या आहेत. बुलेटच्या साखळ्या आणल्या, रुंदीला बसतात, दातांना बसत नाहीत. अकोल्याच्या लेथवाल्याकडून नवी दातेरी चक्रं कातून आणली. त्यानं एक दात कमी कातला. "एका दातानं काय होते भाऊ?" म्हणतो. मी म्हटलं, तुझा पुढचा एक पाडू का? मग बघ काय होतं. आता परत जायचं.

चारांपैकी दोन कार्बुरेटर काढून टाकले आणि उरलेल्या दोघांना नवा पाइप ओतून जोडला. जपान्यांना चालणार नाही, पण जपान्यांना मालेगावात कोण विचारतं? गाडी जमिनीला पोट घासते म्हणून मागच्या स्प्रिंगाखाली जीपचे ठोकळे घातले. आता ती मागून उंच दिसते, पाणी पिणाऱ्या गाईसारखी.

ऊन असं की पाना हातात धरवत नाही.

११ जून

चालू झाली!

पाच वाजता एकदा खोकली, दोनदा खोकली आणि मग असा बारीक आवाज लावला की गोविंदसिंगच्या दुकानातली कुत्री शेपूट घालून पळाली. मी स्टिअरिंगला धरून रडलो. कोणी पाहिलं नाही. गोविंदसिंगनं पाहिलं, पण तो कोणाला सांगणार नाही. सांगेल.

भागिरथाला बोलावलं. तिनं बाजूच्या सीटवरून हात फिरवला. सीट फाटून आतला काथ्या निघाला आहे. "ह्ये असंच ठेवता काय?" म्हणाली. इंजिन चालू झालंय आणि हिचं लक्ष काथ्याकडे!

२३ जून

भागिरथानं एक गोधडी शिवून दिली. तिच्या जुन्या पांढऱ्या लुगड्याची, बारीक टाक्यांची. फार लहान झाली आहे आणि उजव्या बाजूला उगाच अर्धगोल कापून ठेवलाय. शिवणकामात एरवी चुकत नाही ही. असो, गाडीखाली निजताना पाठीखाली घालायला बरी पडते. तिला तसं सांगितलं. गोधडीची घडी घालत म्हणाली, "घाला पाठीखाली."

१८ जुलै

ऑइल मिळत नाही. अरबांनी काय केलंय ते अरबांना माहीत, पण मालेगावात डबा नाही, वाशीमला नाही, रिसोडला दुकानदार हसतो. साखळ्या बसल्या, दात जुळले, आणि कवचात घालायला तेल नाही. तेलाशिवाय चालवली तर साखळ्या आठवड्यात खलास. घरी मी एवढंच बोललो, की माझी चैन कोरडी पडली आहे, कोणाला काही पडलेली नाही. थाळी जरा आपटली असेन.

उद्यापासून रोलर रिसोड रस्त्याला. मुक्काम तिकडेच.

३० जुलै

रिसोडहून परतलो आणि चमत्कार. दोन्ही कवचं तेलानं काठोकाठ भरलेली, झाकणं घट्ट लावलेली! वास जरा वेगळा, चटणीसारखा, पण गोविंदसिंग शेडातच डबा खातो तेव्हा चटणीचा वास यायचाच.

गोविंदसिंगला विचारलं, "तेल तू भरलं काय?"

तो आधी माझ्याकडे पाहत राहिला, मग छाती काढून म्हणाला, "मंग? दोस्त कायले असते मानसाले?"

कुठून आणलं विचारलं, तर म्हणतो, ते विचारू नको. मी त्याला मिठी मारली. इतके दिवस या माणसाबद्दल मी वहीत काय काय लिहिलं. मागची पानं फाडावीशी वाटतात. त्याला तिथल्या तिथं शब्द दिला, दसऱ्याला बाजूची सीट तुझी. त्याची बहीण नागपूरला इतवारीत असते, तो खूश.

घरी भागिरथाला सांगितलं.

"गोविंदसिंगानं भरलं तेल?" तिनं विचारलं.

"हो. म्हनून त्यालेच घेऊन जातो दसऱ्याले."

"बरं," म्हणाली.

भाकर एका बाजूनं करपली होती. कधी नव्हे ते.

१६ ऑगस्ट

भागिरथा विचित्र वागते आहे. पोरांना दसऱ्यात धनजला तिच्या आईकडे ठेवायचं मेपासून ठरवून बसली होती. मी म्हटलं, पोरं कशाला पाठवायची? तू घरीच आहेस ना. तर म्हणे, आता नाही पाठवत. मग चार दिवसांनी म्हणे, पाठवतो. "मी टरकानं जातो नागपूरले. बाया चालल्या." ट्रकात उभ्यानं? दोन दिवस? मी म्हटलं, हाडं मोडतील. ती म्हणाली, "मोडू द्या. जागा तं हाये ना त्याच्यात."

बोलण्यात धार होती. मी काय केलं? मी तर गेले सहा महिने गाडीखालून बाहेरच निघालेलो नाही.

२१ सप्टेंबर

पहिली फेरी, जकात नाक्यापर्यंत. लोक दुतर्फा उभे. कोणी सायकल म्हटलं नाही! इंजिन गात होतं, पण मागून गाडी जड वाटली, कोणीतरी मागे धरून ठेवल्यासारखी. रस्ता खराब आहे तिथं. रस्ता मीच केलेला आहे, हे गोविंदसिंगनं सांगायची गरज नव्हती.

रंग दिला. लालच.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी

सगळं तयार. भागिरथानं पांढरं लुगडं धुऊन, लोट्यात निखारे घालून इस्त्री केली. माझाही सदरा केला. दशम्या बांधल्या, दोन गठुडी, एक माझं एक तिचं. ट्रक पहाटे निघणार.

"तुले माह्या गाडीची हवा लागली नाही अजून," मी जरा गंमत करायला म्हणालो.

"नाही लागली," म्हणाली आणि दिवा बारीक केला.

दसऱ्याचा दुसरा दिवस, नागपूर

शाळेच्या व्हरांड्यात बसून लिहितो आहे. भागिरथा शेजारी भिंतीला टेकून झोपली आहे. सगळं क्रमानं लिहितो, नाहीतर माझाच मला विश्वास बसणार नाही.

काल सकाळी शेडात गेलो, तर गोविंदसिंगच्या दुकानापुढे सायकलींची रांग. मडगार्डांना झेंडूच्या माळा, हँडलांना हळदकुंकू. दसरा! वर्षातून एकदा सगळं मालेगाव सायकली धुऊन त्याच्याकडून पुजून आणि तेलपाणी करून घेतं. हे मला दिसायला हवं होतं, त्याला तर दिसायलाच हवं होतं. तो नारळ घेऊन माझ्या गाडीपुढे उभा.

"नारळ नको फोडू," मी म्हटलं. "मी हे करत नाही, तुले माहीत हाये. चल, बस."

"आज?" तो म्हणाला. "आज कसा येऊ राजा? वर्साचा दिवस हाये, दुकान कोन पाहीन?"

"मंग जुलैपासून काय दिवाळीचं सांगत होतो तुले?"

त्यानं नारळ दुकानाच्या पायरीवर फोडला आणि मला खोबरं दिलं. मी ते खात खात, शिव्या देत, एकटाच निघालो. ट्रक केव्हाच गेला होता. बाजूची सीट रिकामी, काथ्या वर आलेला. वाटेत प्रत्येक गावात लोक पाहायचे, आधी गाडीकडे, मग त्या रिकाम्या सीटकडे. मला तेव्हा राग येत होता फक्त गोविंदसिंगचा.

शेलूबाजारच्या अलीकडे गाडी जड जड होत गेली आणि उभी राहिली. कुठं उभी राहावी? माझ्याच रोलरच्या बाजूला! पंधरा दिवस तिथं काम चालू आहे, सणाची सुट्टी म्हणून रोलर रस्त्याच्या कडेला झाकून ठेवलेला. असा शांत उभा होता की मला त्याला लाथ घालावीशी वाटली.

रोलरच्या पेटीतले पाने काढले, गोधडी पाठीखाली घेतली आणि कवच उघडलं. आत तेल नव्हतंच. तपकिरी, चिकट, डिंकासारखा गोळा, त्यात साखळी रुतून बसलेली. बोट लावलं, वास घेतला. जवस! जवसाचं तेल. चटणीत घालायचं, भाजीत घालायचं, सुतार दाराला लावतो ते. दाराला लावतो कशासाठी? वाळून कडक होतं म्हणून! मी गोविंदसिंगच्या सात पिढ्या रस्त्याच्या कडेला उभ्या करून मोजल्या.

तेवढ्यात मागून ट्रक आला. किन्हीराजा, जऊळका, गावोगाव रस्ता सोडून आत शिरत, माणसं घेत घेत येत होता, म्हणून माझ्या मागे राहिला होता. पांढऱ्या लुगड्यांनी ठासून भरलेला, निळे झेंडे, बाया गाणं म्हणत होत्या. मी काळ्या हातांनी उभा. ट्रक थांबला. लपायला जागा नव्हती.

भागिरथा कठड्यावरून वाकली. मला वाटलं हसेल. सगळा ट्रक हसत होता, ती हसली नाही.

"या वर," म्हणाली. "जागा हाये."

"कुठं हाये जागा? मुंगी बसत नाही."

"माह्यापाशी हाये. सरका वो बाया हो जरा."

आणि बाया सरकल्या. कशा सरकल्या कोणास ठाऊक. रोलरच्या चौकीदाराला गाडीवर लक्ष ठेवायला सांगितलं, पाने आणि गोधडी काखेत मारली, तिनं हात दिला आणि मी वर चढलो.

कारंज्यापर्यंत मी गोविंदसिंगला शिव्या देत होतो. जवसाचं तेल मोटारीत! असा अडाणी माणूस! ती ऐकत होती. मग म्हणाली, "त्यानं नाही टाकलं. मी टाकलं."

मी तोंडातली शिवी गिळली.

"तुमी म्हनले चैन कोरडी पडली. ऑइल भेटत नव्हतं. धनजले आमच्या बाबाच्या बंडीले जवसाचंच तेल लागे. घरचं होतं, खायाचं, तेच टाकलं दोन्हीकडं. बंडी तं कधी अडली नाही."

"मंग सांगितलं काहून नाही? मी त्याले सीट देऊन बसलो!"

"कायले सांगू? दोन जागा होत्या. एक तुमची. मले वाटलं दुसरी माहीच हाये. विचाराचं काय त्याच्यात?"

ट्रक खड्ड्यात आदळला. आम्ही दोघं एकमेकांवर. मी काखेतली गोधडी पाहिली. माझ्या पाठीच्या घामानं आणि ग्रीसनं काळी झालेली. सीटएवढी. उजवीकडचा अर्धगोल गिअरच्या दांड्यासाठी कापलेला. जूनपासून मी त्यावर निजलो होतो. मला इतकी लाज आयुष्यात वाटलेली नाही. ते मी तिला सांगायला तोंड उघडलं, पण बायांनी पुन्हा गाणं धरलं आणि तीही त्यात म्हणू लागली, मोठ्यानं.

इथं गर्दी अशी की पाय ठेवायला जागा नाही. ती आज पहाटे दीक्षाभूमीच्या मैदानात गेली तेव्हा माझा हात सोडून पुढे झाली. मी थोडं मागे उभा राहिलो. ती बराच वेळ हात जोडून उभी होती. परत आली तेव्हा डोळे पुसत होती आणि म्हणाली, "चला, भूक लागली."

दशम्या खाल्ल्या. मी तिला सगळं सांगितलं, माझं चुकलं म्हणून. ती म्हणाली, "खा आधी."

दसऱ्यानंतर चौथा दिवस, जऊळक्याच्या अलीकडे, रस्त्यावर

शेलूबाजारला ट्रकातून उतरलो. रोलर मालेगावला आणायचाच होता, पुढचं काम रिसोडकडे आहे. गाडी रोलरमागे दोरखंडानं बांधली. चाकं फिरावीत म्हणून दोन्ही साखळ्या काढून रोलरच्या पेटीत टाकल्या.

"गेल्या दोनी चैनी?" तिनं विचारलं.

"गेल्या."

आता ओढायची तर स्टिअरिंग कोणीतरी धरायला हवं, आणि रोलर तर मलाच चालवायचा. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिनं नागपुरात नळाखाली घासून धुतलेली गोधडी बाजूच्या सीटवर नीट अंथरली. डाग गेलेले नाहीत. मग दुसऱ्या बाजूनं फिरून आली, लुगडं सावरलं आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसली. मी चाक कसं धरायचं, ब्रेक कुठं, दोर ढिला पडला तर काय, सगळं समजावून सांगितलं. गोधडीकडे बोट करून विचारलं, ही इकडे कशाला?

"थे तुमची जागा," ती म्हणाली. "चैनी बसल्या की."

रोलर सुरू केला. मागे वळून वळून पाहत होतो. दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलेलं, मान ताठ, लाल गाडी, पांढरं लुगडं. शेतातले लोक कामं टाकून बांधावर आले. एक सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला. तिनं त्याला हात केला.

मग मागून हाक आली. दोर तुटला की काय म्हणून मी झटकन मागे वळलो.

"अवो! इतक्या जोरात कायले चालले? दमानं घ्या ना! मले पाहू द्या जरा."

रोलरला याहून हळू चालता येतं, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत ठाऊक नव्हतं.